न चमकणारं हिरवं

भांडं चमकलं पाहिजे, ही आपली जुनी हौस. चिंच लावून घासलेला पितळी तांब्या असो की लोणच्याची बरणी, लख्ख दिसली की घरच्यांचं समाधान होतं. स्टोनवेअर, म्हणजे मोठ्या आचेवर भाजलेली मातीची भांडी करणारे कलाकार मात्र कधीकधी महिनोन्‌महिने उलटा खटाटोप करतात: १३०० अंशांच्या आसपास काच वितळवायची आणि तिला चमकू द्यायचं नाही. त्यातून रंग हिरवा हवा असेल तर प्रयोगांच्या वहीची पानं भराभर संपतात.

ग्लेझ म्हणजे भट्टीत वितळून भांड्याच्या अंगाला चिकटलेला काचेचा पातळ थर. हा थर कच्चा राहिला तरी निस्तेज दिसतो आणि नवशिक्या त्यालाच मॅट समजून खूश होतो. तो खरखरीत असतो, चहाचे डाग धरतो. खरं मॅट ग्लेझ पुरतं वितळतं आणि थंड होताना त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे स्फटिक वाढतात. उजेड त्यांच्यावर पडून विखुरतो, म्हणून ते भांडं डोळ्यांना मऊ वाटतं.

या मऊ हिरव्याचं वेड अमेरिकेत लावलं ते बॉस्टनच्या विल्यम ग्रूबी यांनी. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्यांनी फ्रेंच कलाकारांची मॅट भांडी पाहिली. शतक संपता संपता त्यांच्या कारखान्यातून उठावाच्या पानांची, काकडीच्या सालीसारख्या हिरव्या अंगाची भांडी निघू लागली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना पदकं मिळाली आणि मग लाटच आली. इलिनॉयमधल्या टेको भांड्यांनीही तोच रंग उचलला. इतरांच्या स्वस्त नकला निघाल्या आणि दहाएक वर्षांत ग्रूबींचा कारखानाच डबघाईला आला.

तोवर प्रत्येकाची कृती म्हणजे गुपित. त्या गुपितामागचं गणित १९१२ मध्ये आर. टी. स्टल या अमेरिकी संशोधकानं कागदावर मांडलं. बाकी घटक कायम ठेवून फक्त सिलिका आणि ॲल्युमिना कमी-जास्त करत त्यानं ग्लेझचे कितीतरी नमुने उच्च तापमानाला भाजले आणि त्यांचा नकाशा काढला. सिलिकाचे रेणू ॲल्युमिनाच्या पाचपटीहून कमी असले तर ग्लेझ मॅट. सात-आठपट झाले की चकचकीत. शंभर वर्षांहून जुना हा आलेख आजही स्टुडिओंच्या भिंतींवर दिसतो.

त्याचा उपयोग कसा होतो, हे एका प्रसिद्ध कृतीवरून कळेल. कुंभार बर्नार्ड लीच यांच्या नावानं ओळखलं जाणारं ‘४-३-२-१’ ग्लेझ: ४० भाग फेल्डस्पार, ३० क्वार्ट्‌झ, २० व्हायटिंग (खडूची पूड), १० चायना क्ले (पांढरी माती). यात सिलिका ॲल्युमिनाच्या नऊपट पडते; ग्लेझ पारदर्शक, चकचकीत. आता क्वार्ट्‌झचे २० भाग काढून तेवढीच चायना क्ले वाढवा. प्रमाण साडेचारपटीपर्यंत उतरतं आणि आपण थेट स्टलच्या मॅट मुलखात येतो. गंमत म्हणजे डब्यांत नवा पदार्थ एकही आलेला नाही. अडचण मात्र येते: इतकी कच्ची माती सुकताना आकसते, ग्लेझला भेगा पडतात आणि भट्टीत ते गोळा होऊन भांडं उघडं पडतं. म्हणून त्यातली निम्मी माती आधी भाजून घेतात.

मग रंग. तांब्याचा हिरवा सगळ्यांना आठवतो, पण तो बेभरवशाचा. मोठ्या आचेत तांबं उडून जातं आणि भट्टीत हवा कमी पडली की लाल होतं. उदाहरणार्थ, पुदुच्चेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथं सुरूच्या लाकडावर भट्ट्या पेटतात. अशा जाळात हवा कमी पडू लागली, तर तांब्याकडून हिरव्याची अपेक्षाच करू नये. शिवाय मॅट ग्लेझमधलं तांबं आंबटात उतरू शकतं. कल्हईविना तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवू नये, हे ज्या घरात शिकवलं जातं, तिथं याचं कारण वेगळं सांगायला नको. लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवून सकाळी रंग उतरला का ते पाहणं, ही साधी चाचणी.

दुसरी वाट क्रोमची. ते आचेला दाद देत नाही. एक टक्काही पुरतो, पण रंग लष्करी ट्रकचा. जस्त असलेल्या ग्लेझमध्ये तो तपकिरी होतो आणि शेजारी कथिलाचं पांढरं ग्लेझ लावलेलं भांडं असेल तर क्रोमची वाफ तिकडे जाऊन गुलाबी डाग पाडते. दुसऱ्याच्या भट्टीत क्रोमचं भांडं घुसवण्याआधी विचारलेलं बरं.

जाणकारांची पसंती बऱ्याचदा तिसऱ्या वाटेला असते: अर्धा टक्का कोबाल्ट, सोबत चार-पाच टक्के रुटाइल. कोबाल्टच्या निळ्यात रुटाइलमधल्या टायटॅनियमचा पिवळसरपणा मिसळून शेवाळी रंग उतरतो. रेशमी पोतासाठी डोलोमाइट किंवा शंखजिरं घालावं, तर त्यातलं मॅग्नेशियम कोबाल्टला जांभळ्याकडे ओढतं. पोत सांभाळावा तर रंग जातो.

एवढं जमूनही भट्टी घाईनं थंड झाली तर स्फटिकांना वाढायला वेळच मिळत नाही आणि तेच ग्लेझ चमकत बाहेर येतं. म्हणून अनेकजण ११०० ते ९५० अंशांचा उतार मुद्दाम सावकाश करतात.

शेवटची परीक्षा जेवणाच्या टेबलावर. मॅट ताटलीवर स्टीलचा चमचा फिरला की पेन्सिलीसारख्या करड्या रेघा उठतात. मग वहीत नवी ओळ पडते: चायना क्ले पाच भाग कमी, क्वार्ट्‌झ पाच भाग जास्त. पुढच्या भट्टीतून ताटली निघते. रेघा कमी उठतात, आणि तिरक्या उन्हात धरली तर हिरव्या अंगावर थोडी चमक दिसते.