क्लाउडवरची फाइल तीच आहे ना, बॉस?

सॅलरी स्लिप, फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट, ट्रिपचे फोटो... सगळं क्लाउडवर टाकायचं आणि निवांत व्हायचं, हा आपला फंडा. पण क्लाउड काही आकाशात नसतो. तोही कुणाचा तरी कॉम्प्युटरच! तिथली फाइल कुणी गुपचूप बदलली, तर आपल्याला कळणार कसं?

नोकरी सोडताना मला याचा झटका बसला. माझ्या प्रिंटमध्ये नोटीस पिरियड दोन महिने, कंपनीच्या क्लाउडवरच्या कॉपीत तीन! एचआरचं एकच पालुपद, 'सिस्टिममध्ये आहे तेच फायनल.' माझाच कागद खरा, हे सिद्ध कसं करणार? मुकाट्याने तिसरा महिनाही भरला.

अंगठ्याचा ठसा

यावरचा इलाज बिटकॉइनपेक्षाही जुना आहे. १९९१मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी तो मांडला. प्रत्येक फाइलचा एक 'हॅश' काढायचा. हॅश म्हणजे जणू फाइलच्या अंगठ्याचा ठसा. आज सर्रास वापरला जाणारा एसएचए-२५६ हा ठसा ६४ अक्षर-आकड्यांचा असतो. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी हलला, तरी अख्खा ठसा बदलतो. हे ठसे एकात एक गुंफले, की झाली साखळी. मधली एक कडी बदलायची तर पुढच्या सगळ्या बदलाव्या लागतात. या दोघांच्या 'शुअरिटी' कंपनीने तर १९९५पासून हा ठसा दर आठवड्याला चक्क 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापला. घरोघरी गेलेला पेपर कोण बदलणार?

२००७मध्ये मोठा सायबर हल्ला झेललेल्या एस्टोनियाने २०१२पासून सरकारी नोंदींना अशीच साखळी लावली. माहिती साखळीत जात नाही, फक्त तिचा ठसा जातो. त्यामुळे प्रायव्हसीही सेफ!

पण जरा थांबा...

ब्लॉकचेन म्हणजे जादूची कांडी नव्हे. मार्च २०२१मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, अनेकांचा डेटा कायमचा गेला. ठसा असला तरी जळालेली फाइल परत येत नाही, बॅकअप हवाच. आणि मुळात खोटीच फाइल टाकली, तर साखळी ते खोटंही इमानदारीत जपते!

तेव्हा सही केलेल्या अ‍ॅग्रीमेंटची पीडीएफ स्वतःकडे ठेवा. तिचा हॅश काढा, लॅपटॉपवर ती सोय असते. आणि त्याच दिवशी तो समोरच्या पार्टीला मेल करून 'ओके' मागवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण उद्या कुणी 'सिस्टिममध्ये वेगळं दिसतंय' म्हणालं, तर दाखवायला तुमच्याकडे पुरावा असेल!