चुकीवरून ओळखावा कळफलक

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली नदीकाठची गावे माळावर जाऊन बसली. घरांचे वासे, दारे, चौकटी लोकांनी बैलगाड्यांतून वर नेल्या. पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ तेवढे पाण्यात राहिले. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी उतरले की ते अजून बाहेर येते आणि लोक होड्या करून बघायला जातात. पण या साऱ्या हलवाहलवीत सर्वांत जास्त पायपीट झाली ती कागदांची. याद्या, नोटिसा, निवाडे, वाढीव मोबदल्याचे आदेश. माझी बँकेतली बरीच वर्षे या पट्ट्यातल्या शाखांत गेली आणि कागदावरचे नाव खात्यातल्या नावाशी ताडून पाहणे हे रोजचे काम होते. कादंबऱ्या नंतर आल्या. माणसांची नावे निरखून वाचायची सवय तिथली.

त्या सवयीतून एक विद्या हाती आली, जी कोणत्याही बँकेच्या परीक्षेत विचारत नाहीत. टंकलेखनातली चूक पाहायची आणि ती कोणत्या कळफलकावर झाली हे सांगायचे.

सुरुवात अर्थात जुन्या टंकलेखन यंत्रापासून. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्स या वृत्तपत्रवाल्याने १८६८ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. इंग्रजी अक्षरांची ती विचित्र मांडणी काड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून केली, असे सगळीकडे सांगतात. अभ्यासकांत मात्र त्यावर एकमत नाही. आपल्या देवनागरीची अडचण वेगळीच होती. यंत्रावर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस कळा, प्रत्येकीवर दोन चिन्हे, आणि बाराखडी तर समुद्राएवढी. तेव्हा तोड काढली ती अशी की ख, ध, भ, श या अक्षरांचा अर्धाच भाग कळेवर ठेवायचा आणि काना वेगळा मारून अक्षर पुरे करायचे. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून तीही आधी मारायची. अनुस्वार, मात्रा यांच्या कळा ‘मुक्या’. त्या मारल्या तरी गाडी पुढे सरकत नाही. त्यामुळे या यंत्राच्या चुकाही त्याच्या घडणीतल्याच. काना विसरला की ‘धनाजी’चा ‘ध्नाजी’ होई, आणि घाईत वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसे. गोदरेजने १९५५ मध्ये भारतात टंकलेखन यंत्रे बनवायला सुरुवात केली. तालुक्याच्या ठिकाणी टायपिंगच्या क्लासवरून जाताना त्यांचा जो खडखडाट ऐकू येई, तो आता स्मरणातच उरला आहे.

संगणकाची कळ ही निराळी चीज आहे. टंकलेखन यंत्राची कळ म्हणजे एक अक्षर, पोलादात कोरलेले. संगणकाच्या कळेत अक्षर नसतेच. तुमच्या घरातला साधा की-बोर्ड उघडलात तर आत प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे दिसतील. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विजेच्या वाटा छापलेल्या, आणि मधल्याला प्रत्येक कळेखाली एक भोक. कळ दाबली की रबराची टोपी दबते, भोकातून वरची वाट खालच्या वाटेला टेकते, आणि बोट उचलले की टोपी पुन्हा फुगते. महागड्या की-बोर्डात प्रत्येक कळेला स्वतःची स्प्रिंग आणि स्वतंत्र स्विच असतो. तो जास्त टिकतो आणि बोटाला उत्तरही चांगले देतो. या वाटा उभ्या-आडव्या असतात, शेतातल्या सऱ्या-वरंब्यांसारख्या. आतली एक छोटी चिप सेकंदाला शेकडो वेळा साऱ्या सऱ्यांवरून फेरी मारते आणि कोणती उभी वाट कोणत्या आडवीला भेटली ते टिपते. धातूची पट्टी टेकताना काही मिलिसेकंद थरथरते, तेवढे ती थांबते, नाहीतर एका दाबात चार ‘क’ उमटले असते. मग ती संगणकाला फक्त कळेचा क्रमांक कळवते. त्या क्रमांकाचा ‘क’ करायचा की ‘म’, हे संगणकातली प्रणाली ठरवते. म्हणून तर एकाच फलकावर इंग्रजी, रेमिंग्टन मराठी आणि आणखी काहीही सुखाने नांदते.

(जाता जाता एक. की-बोर्डाच्या उजवीकडच्या आकड्यांत ७-८-९ वर असतात, बेरजेच्या यंत्रासारखे. एटीएमवर आणि फोनवर १-२-३ वर असतात. दिवसभर पहिल्यावर काम करून दुसऱ्यापुढे उभा राहिलेला रोखपाल स्वतःचाच पिन चुकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.)

अक्षर कळेपासून सुटले, तेव्हा भारतीय लिप्यांसाठी शहाणी मांडणी करता आली. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ‘इन्स्क्रिप्ट’ आणली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात तिला जागा मिळाली. पुण्याच्या सी-डॅकने ती कार्यालयांत पोचवली. तिच्यात स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क च्या कळेवर शिफ्ट धरून ख, ग वर घ, त वर थ, ब वर भ. जसे उच्चारता तसे क्रमाने मारा, जोडाक्षर संगणक जुळवील. मला ही मांडणी पाणिनीच्या घरातली वाटते. पण तिची सारी भिस्त शिफ्टवर.

१९९८ साली वाढीव मोबदल्याची एक यादी आमच्या शाखेत आली. एक म्हातारी नातवाला घेऊन आली. खाते घाडगे नावाने, यादीत गाडगे. दोन्ही आडनावे आमच्या भागातली, दोन्ही खरी. नियमाप्रमाणे पैसे देता येईनात. नातू तिला समजावत होता, “आजे, घ घराचा पायजे, हितं ग गवताचा हाय.” ती म्हणाली, “घर पाण्यात गेलं न्हवं? मग घ कुठनं ऱ्हाईल?”

मी यादी पुन्हा वाचली. पहिली दोन पाने ठीक. तिसऱ्यापासून थोरातांचे तोरात, भोसल्यांचे बोसले, शिंद्यांचे सिंदे, काळ्यांचे काले. पण आबा, इंदुबाई, चव्हाण मात्र शाबूत. तिथे उलगडा झाला. घ, थ, भ, श, ळ ही उजव्या हाताची अक्षरे, त्यांच्यासाठी शिफ्ट डाव्या करंगळीने दाबतात. आ, इ, ण डाव्या हाताची, त्यांना उजवी शिफ्ट. म्हणजे त्या की-बोर्डाची डावी शिफ्टच मेली होती. संबंधित कार्यालयात मी स्वतः गेलो. टंकलेखक म्हणाला, “ती जरा जोरात दाबावी लागते, साहेब.” खालची रबरी टोपी बसली होती, बाकी काही नाही. शुद्धिपत्रक निघेपर्यंत म्हातारीने तहसिलात चार खेपा घातल्या. मोबदल्यापेक्षा ते दिवस तिला महाग पडले असावेत. तिचा रोजगार बुडत होता.

त्यानंतरची गोष्ट वेगळी. इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायची पद्धत आली, तेव्हा ‘कांबळे’चे ‘कांबले’ आणि ‘ठोंबरे’चे ‘थोंबरे’ होऊ लागले, कारण इंग्रजीत ळ नाही आणि ठ-थ एकाच स्पेलिंगचे. युनिकोडने एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर कचरा व्हायचा थांबवला, पण ‘शेतकऱ्यांना’तला तो अर्धा र साधा दाबला की ‘शेतकर्यांना’ होतो. इन्स्क्रिप्टमध्ये त्याला शिफ्ट धरून ऱ वेगळा मारावा लागतो. त्या एका शब्दाला अकरा कळा आणि दोनदा शिफ्ट.

आता कंदरच्या केळीच्या बागेत, भिगवणच्या मासळी बाजारात, सगळ्यांच्या हातात काचेचा कळफलक आहे. त्या काचेखाली पारदर्शक तारांची जाळी असते आणि बोट टेकले की तिथले विद्युत क्षेत्र बदलते. कष्टाने घट्टे पडलेले कोरडे बोट तिला नीट जाणवत नाही, आणि मासेमाराचे ओले बोट भलत्याच जागी जाणवते. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी ‘स्वरचक्र’ नावाचा कळफलक केला. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की त्याची बाराखडी चाकासारखी भोवती उमलते. शाळेत पाटीवर बाराखडी गिरवलेल्या माणसाला तो सोपा जातो.

गेल्या महिन्यात टेंभुर्णीजवळ एका रोपवाटिकेच्या दारात फलक पाहिला, ‘केळीची रूपे मिळतील.’ ही चूक माझ्या कोणत्याच खणात बसेना. मालकाला विचारले, कोणत्या कळफलकावर टाइप केले? तो हसला. “कळफलक कुठला, साहेब? मोबाइलपुढं बोललो, न् त्यानं लिवलं.”