लॉगिन अडते कोठे?

पासवर्ड अचूक असूनही वेबमेलचे पान क्षणभर हलते आणि पुन्हा लॉगिनच्याच चौकटीवर येऊन थांबते, तेव्हा खातेदार स्वतःच्या स्मरणशक्तीवर संशय घेऊ लागतो. वस्तुतः पुष्कळदा दोष त्याचा नसतो, तर सर्व्हरवरील अशा एका डिरेक्टरीचा असतो, की जिचे अस्तित्वही त्याला ठाऊक नसते.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील व्यवहाराची रीतच अशी, की पानाची प्रत्येक मागणी स्वतंत्र समजली जाते आणि आधीच्या मागणीची स्मृती उरत नाही; म्हणून खातेदाराची ओळख एकदा पटली, की सर्व्हर त्याच्या नावे सेशनची एक लहानशी फाईल लिहितो आणि तिचा क्रमांक कुकीच्या रूपाने ब्राउझरच्या स्वाधीन करतो. १९९९ साली नेथन आणि ल्यूक एरेसमन यांनी सुरू केलेली, पीएचपीत लिहिलेली स्क्विरलमेल घ्या. सेशनच्या फायली, खातेदाराच्या पसंतीच्या नोंदी आणि पत्राला जोडलेले कागद यांसाठी तिला निरनिराळ्या जागा लागतात. आणि वेबसर्व्हर ज्या नावाने चालतो (रेड हॅटवर ‘अपाची’, डेबियनवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’) त्या नावाला तेथे लिहिण्याची मुभा नसेल, तर पुढच्याच मागणीला खातेदार परका ठरतो.

तपास लॉगपासून सुरू करावा. अडलेल्या फाईलचा पत्ता पीएचपी तेथे नमूद करते आणि शेवटी कंसात एक अंक देते. तो वाचल्याखेरीज कशालाही हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. २ म्हणजे डिरेक्टरीच नाही, १३ म्हणजे परवानगी नाकारली, २८ म्हणजे जागा संपली. यांतला २८ फार फसवा, कारण ‘डीएफ’ हा हुकूम दिल्यावर डिस्कवर जागा मुबलक दिसते, परंतु मुदत संपलेल्या सेशनांची सफाई बंद पडल्यामुळे साचलेल्या असंख्य चिमुकल्या फायलींनी सारे आयनोड व्यापलेले असतात. हा हिशेब ‘डीएफ’ला ‘-आय’ जोडल्यावाचून दिसत नाही.

१३ दिसताच डिरेक्टरीला ७७७ लावून सर्वांना सर्व अधिकार देण्याचा प्रघात मात्र अत्यंत घातक आहे. सेशनचा क्रमांक त्या फाईलच्या नावातच असतो. तेव्हा ज्याला नुसती यादी पाहता येते, त्याला दुसऱ्याच्या नावाने त्याची पत्रे उघडण्याचे साधनच मिळते. म्हणूनच स्क्विरलमेलच्या कर्त्यांनी जोडपत्रांच्या डिरेक्टरीसाठी ७३० सुचविले: मालकाला पूर्ण अधिकार, वेबसर्व्हरच्या गटाला आत जाण्याची व लिहिण्याची मुभा, पण यादी पाहण्याची नाही, आणि इतरांना काहीच नाही. डेबियनवर सेशनच्या डिरेक्टरीला १७३३ असते, तेही याच विचाराने.

मालक, गट, परवानग्या सारे यथास्थित असूनही १३ हटत नसेल, तर रेड हॅट कुळातील सर्व्हरवर एसईलिनक्सचा स्वतंत्र अंमल असतो हे ध्यानात घ्यावे. दुसरीकडून हलवून आणलेल्या डिरेक्टरीवर तिचा पूर्वीचाच शिक्का राहतो. ‘एलएस’ला मोठ्या लिपीतील ‘-झेड’ जोडून तो पाहावा आणि डिरेक्टरी आपल्या नेहमीच्या स्थानी असल्यास ‘रिस्टोरकॉन’ने पूर्ववत करावा.