'शेतकरी' म्हणजे कोण? फ्रेंचमधला वाद आणि खारबावात फसलेली माझी प्रश्नावली

मागच्या पावसाळ्यात मी माझ्या प्रश्नावलीची चाचणी घरच्याच गावात, म्हणजे खारबावात घेतली. गोदामं कितीही वाढली तरी आमच्याकडे अजून भात लावतात. आवणीचे दिवस होते. शेजारच्या काकू सकाळपासून चिखलात वाकून रोपं लावत होत्या. दुपारी त्या ओटीवर टेकल्या, तेव्हा मी कागद काढला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही शेतकरी आहात का?"

काकू म्हणाल्या, "नाय गो. शेतकरी ते आमचे हे."

'हे' भिवंडीला कंपनीत कामाला जातात. आवणीला एक दिवस सुट्टी घेतात, तीही जमली तर. माझ्या तक्त्यात मात्र काकूंच्या नावापुढे 'शेती : नाही' अशी नोंद झाली. त्या दिवशी बारा बायकांशी बोलले, त्यातल्या नऊ जणींनी असंच उत्तर दिलं. बारा हा काही नमुना नव्हे, पण प्रश्नात खोट आहे हे कळायला तेवढ्या पुरतात.

माझ्या गाईडना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आधी फ्रेंचमधला वाद वाच. तेव्हा मला वाटलं, खारबावच्या भाताचा आणि पॅरिसचा काय संबंध? वाचल्यावर वाटलं की संबंध आहे, पण सरळ नाही. संशोधनाच्या तयारीला लागलेल्यांना उपयोगी पडेल म्हणून तो गुंता इथे मांडते.

फ्रेंचमध्ये दोनच लिंगं आहेत. शंभर बायकांच्या घोळक्यात एक पुरुष आला की सगळा घोळका व्याकरणाने पुल्लिंगी होतो. शाळेत हा नियम 'पुल्लिंगाची सरशी होते' अशाच अर्थाच्या शब्दांत शिकवत आले आहेत. त्यावर उपाय म्हणून काहींनी मधल्या टिंबाची पद्धत आणली. पुल्लिंगी शब्द, मग मध्यावर टिंब, मग स्त्रीलिंगी शेपूट, पुन्हा टिंब आणि अनेकवचनाचा प्रत्यय. २०१७ मध्ये अशा पद्धतीने लिहिलेल्या एका शालेय पुस्तकावरून रान पेटलं. त्या ऑक्टोबरात फ्रेंच अकादमीने आपल्या भाषेला यातून 'जीवघेणा धोका' असल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरात पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी सरकारी मजकुरात ही पद्धत वापरू नये असं परिपत्रक काढलं. २०२१ मध्ये शाळांसाठी परिपत्रक निघालं. त्याच वर्षी 'तो' आणि 'ती' यांची सांगड घालून केलेलं 'येल' हे सर्वनाम ल रोबेर शब्दकोशाच्या ऑनलाइन आवृत्तीत आलं आणि पुन्हा भांडण झालं. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सिनेटने या लेखनपद्धतीवर बंदी घालणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्राध्यक्ष माक्रों त्याच दिवशी म्हणाले की फ्रेंचमध्ये पुल्लिंगच नपुंसकलिंगाचं काम करतं, मध्ये टिंबं कशाला हवीत.

एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. याच अकादमीने फेब्रुवारी २०१९ मध्ये पदांची आणि व्यवसायांची स्त्रीलिंगी रूपं मान्य केली. त्याआधी २०१४ मध्ये एका खासदाराने संसदेच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या बाईंना हट्टाने पुल्लिंगी 'अध्यक्ष' म्हटलं, तर त्याच्या मासिक भत्त्याचा चौथा हिस्सा कापला गेला होता. म्हणजे भांडणं दोन आहेत : एकटीला काय म्हणायचं, आणि मिश्र समूहाला काय म्हणायचं. पहिलं बऱ्यापैकी मिटलंय, दुसरं पेटलेलं आहे. वाचताना ही दोन वेगळी ठेवा. मी महिनाभर त्यांची खिचडी करत होते.

आता मराठीकडे. आपल्याकडे लिंगं तीन. म्हणजे आपण सुटलो का?

थोडेसे सुटलो आहोत. बोलताना आपण 'मुलं आली', 'माणसं जमली', 'नवरा-बायको दोघं आली' असं म्हणतो. माणूस पुल्लिंगी आहे, पण माणसं नपुंसकलिंगी. मिश्र घोळक्यासाठी ही तिसरी वाट मराठीत आधीपासून आहे, कोणी चळवळ करून आणलेली नाही. शिवाय भविष्यकाळात लिंग दिसतच नाही (मी जाईन, ती जाईल) आणि वर्तमानकाळाच्या अनेकवचनातही नाही (ते जातात, त्या जातात). 'तुम्ही आलात' हे बाईला आणि बाप्याला सारखंच. कोल्हापूरकडच्या बायका तर 'मी आलो, मी जेवलो' असं बिनधास्त म्हणतात, आणि त्याने त्यांचं काही अडत नाही.

पण सरकारी मराठीत शिरलं की ही वाट बुजते. विद्यार्थी, नागरिक, सभासद, लाभार्थी, शेतकरी : सगळे 'आले', 'गेले', 'पात्र ठरले'. 'मुलं पास झाली' म्हणणारी शिक्षिका अहवालात 'विद्यार्थी उत्तीर्ण झाले' असं लिहिते. हे माझं निरीक्षण आहे, अजून मोजलेलं नाही. कोणाला विषय हवा असेल तर घ्या.

नपुंसकलिंग म्हणजे रामबाण असंही नाही. 'ते पोरगं', 'ते बाईमाणूस' यात लाड असतो किंवा तुच्छता, आदर क्वचितच. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली, पण अशा व्यक्तीने 'मी आलो' म्हणायचं की 'मी आले', हा प्रश्न न्यायालय सोडवू शकत नाही. आणि 'मी आलं' तर कोणालाच नको असणार.

एकटीला काय म्हणायचं, या भांडणाची आपली मराठी आवृत्तीही आहे. २००७ मध्ये प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा 'पती' या शब्दावरून बरीच चर्चा झाली. शब्द तोच राहिला, कारण तिथे पती म्हणजे स्वामी, जसा सभापती किंवा कुलपतीमध्ये. गंमत अशी की 'सरपंच' हा शब्द रूपाने कुठल्याच लिंगाकडे झुकत नाही, तरी बाई निवडून आली की 'महिला सरपंच' होते आणि तिच्या खुर्चीशेजारी 'सरपंचपती' उगवतो. इथला पती मात्र नवराच. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून स्त्रियांना पन्नास टक्के आरक्षण आहे. तेवढ्याने फलकावरचं 'महिला' हे विशेषण गळून पडलेलं नाही.

सर्वांत बोलकं प्रकरण एप्रिल २०२३ चं. तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' असा शब्द वापरण्याचा प्रस्ताव तयार करायला सांगितलं. जुन्या पत्रांत आणि लग्नपत्रिकांत दिसणारं 'गं. भा.' ते हेच. टीका इतकी झाली की असा निर्णय झालेला नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. हेतू सन्मानाचा सांगितला होता, पण विरोध करणाऱ्यांचा मुद्दा वेगळा होता : नवरा आहे की गेला, हे बाईच्या नावाआधी लावायचंच कशाला? पुरुषाच्या 'श्री.' मधून काही कळत नाही. 'सौ.', 'कु.' आणि 'गं. भा.' मिळून बाईची अख्खी कुंडली सांगतात. आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला होता. त्या ठरावात बांगड्या आणि कुंकवाची गोष्ट होती, शब्दाची नव्हती. हेरवाडने बरोबर टोक पकडलं, असं माझं मत. फ्रान्सने २०१२ मध्ये सरकारी अर्जांतून 'कुमारी' ला समांतर असलेला 'मादमोआझेल' हा रकाना काढला, त्यामागचा युक्तिवादही असाच होता.

आता मूळ प्रश्न. पुल्लिंगी शब्द वाचून डोक्यात खरंच पुरुष उभा राहतो का, की हा नुसता संशय? यावर पास्काल गिगाक्स आणि सहकाऱ्यांचा २००८ चा प्रयोग जरूर वाचा. वाचकाला आधी एक वाक्य दाखवायचं : अमुक व्यवसायाचे लोक स्टेशनातून चालले होते. मग दुसरं : हवा चांगली असल्याने त्यांतल्या काही बायकांनी (किंवा पुरुषांनी) कोट घातला नव्हता. दुसरं वाक्य पहिल्याला जुळतं का, एवढंच विचारायचं. इंग्रजी वाचक व्यवसायाच्या रूढ प्रतिमेनुसार उत्तर देत होते. फ्रेंच आणि जर्मन वाचकांना मात्र, व्यवसाय 'बायकांचा' समजला जात असला तरी, 'पुरुष' असलेलं वाक्यच जास्त जुळत होतं. म्हणजे पुल्लिंगी रूप सर्वांसाठी आहे हा नियम वाचकाला पाठ असतो, पण तो मनात उतरत नाही.

हे वाचून मी उड्या मारल्या आणि काकूंचं उत्तर लगेच व्याकरणाच्या खात्यात टाकलं. गाईडनी एकच प्रश्न विचारला : "सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

काकांच्या नावावर. बँकेत, सोसायटीत, पीएम-किसानच्या अर्जात, सगळीकडे शेतकरी म्हणजे जमिनीच्या कागदावरचं नाव. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतमजूर, कुळं, वाटेकरी यांनाही शेतकरी म्हटलंय, पण ती व्याख्या तलाठ्याच्या टेबलापर्यंत पोचत नाही. मग काकू 'नाय' म्हणाल्या त्या शब्द पुल्लिंगी म्हणून, की जमीन नावावर नाही म्हणून? माझ्या प्रश्नावरून ते कळायला मार्गच नव्हता. दोन कारणं एकाच उत्तरात अडकली होती. ती सोडवायची तर 'शेतकरीण' आणि 'शेती करणारं माणूस' असे पर्यायही विचारायला हवेत, आणि ज्यांच्या नावावर जमीन आहे अशा बायकाही नमुन्यात हव्यात. अशा बायका शोधणं हेच पुढच्या दोन महिन्यांचं काम आहे.

पाहणीचा प्रश्न मात्र मी लगेच बदलला : "या वर्षी शेतात तुम्ही काय काय कामं केली?" काकूंनी राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत कामं मोजली आणि वर विचारलं, "हे लिवून काय मिळल?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

गिगाक्सचा प्रयोग मराठीत करायचा बेत आहे, पण पहिल्याच वाक्याला अडले आहे. 'शिक्षक खारबाव स्टेशनवर गाडीची वाट पाहत होते' असं लिहिलं तर 'होते' हे क्रियापदच पुरुष सांगून मोकळं होतं. मग दोष नामाचा की क्रियापदाचा, पुन्हा तोच घोळ. म्हणून सध्या वाक्यं वर्तमानकाळात लिहिते आहे : 'शिक्षक गाडीची वाट पाहतात. पाऊस येतो. काहीजणी छत्र्या उघडतात.' वाचायला जरा शाळेच्या निबंधासारखं वाटतं. वर्तमानकाळ न वापरता हे जमवायची युक्ती कोणाला सुचली तर कळवा.