यकृत धुणारी सलाइन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

यकृताविषयीचे गैरसमज महाराष्ट्राला नवे नाहीत. काविळीच्या रुग्णाचे हात चुन्याच्या पाण्यात बुडवून पाणी पिवळे झालेले दाखवणारे आणि त्यालाच कावीळ उतरली म्हणणारे आजही सापडतात. त्या प्रकाराला हसणाऱ्या सुशिक्षित वर्गात मात्र दुसरा एक समज रूढ झाला आहे. यकृताला चरबी असो, सूज असो, दारूने झालेली हानी असो वा रक्ततपासणीत नुसता वाढलेला एसजीपीटीचा आकडा असो, अँटिऑक्सिडंट औषधाच्या चार-पाच बाटल्या शिरेतून चढवल्या की यकृत आतून धुऊन निघते, असे हा वर्ग मानतो. या समजाच्या मुळाशी असलेले एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध अस्सल आहे आणि एका विशिष्ट प्रसंगी ते जीव वाचवते. समज इतका चिवट असण्याचे कारणही तेच आहे.

सिस्टीन या अमिनो आम्लापासून बनवलेले हे औषध प्रथम घट्ट कफ पातळ करण्यासाठी वापरात आले. यकृताशी त्याचा संबंध जुळला तो पॅरासिटामॉलच्या विषबाधेमुळे. नेहमीच्या मात्रेतील पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी संयुगांत बदलून टाकते. थोड्या भागापासून एनएपीक्यूआय नावाचे विषारी द्रव्य तयार होते आणि पेशीतील ग्लुटाथायोन त्याला लगेच बांधून निष्प्रभ करते. ग्लुटाथायोन म्हणजे ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांची साखळी. शरीरातील हे सर्वांत महत्त्वाचे अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणामुळे होणारी पेशींची हानी रोखणारे द्रव्य, यकृत स्वतःच मोठ्या प्रमाणात बनवते. पॅरासिटामॉलची मात्रा अतिरेकी झाली की हा साठा झपाट्याने खर्च होतो, आणि तो नेहमीच्या सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेला की मोकळे राहिलेले विष पेशीतील प्रथिनांना चिकटून पेशी मारू लागते, हे १९७३ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. साठा पुन्हा भरण्यासाठी यकृताला सर्वाधिक टंचाई भासते ती सिस्टीनची, आणि एन-ॲसिटिलसिस्टीन नेमके तेच पुरवते. एडिंबरो येथील लॉरी प्रेस्कॉट आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अनुभवानुसार, विषबाधेनंतर १० तासांच्या आत हे औषध शिरेतून मिळालेल्या ६२ रुग्णांपैकी एकाच्याच यकृताला गंभीर इजा झाली, तर केवळ आधारभूत उपचार मिळालेल्या ५७ रुग्णांपैकी ३३ जणांना ती झाली. पहिल्या ८ तासांत सुरू केल्यास संरक्षण जवळजवळ पूर्ण मिळते, त्यानंतर ते घटत जाते. वैद्यकातले इतके निर्विवाद यश विरळाच.

गोंधळ सुरू होतो तो याच यशाचा अर्थ लावताना. येथे विष ओळखीचे आहे, त्याने निर्माण केलेली उणीव ओळखीची आहे आणि उणीव भरून काढण्याची मुदतही ठरलेली आहे; म्हणजे हे औषध एका विषावरचा उतारा आहे, यकृताची साफसफाई करणारे द्रावण नव्हे. यकृताचे बाकीचे आजार या वाटेने येत नाहीत. हिपॅटायटिस बी मध्ये विषाणूने ग्रासलेल्या पेशींवर शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा तुटून पडते, मेदयुक्त यकृतात इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीराची चरबी पेशींत साठत राहते, आणि सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे वर्षानुवर्षांच्या दाहानंतर यकृत व्रणतंतूंनी आक्रसून गाठाळ होते तेव्हा, त्या व्रणांना विरघळवील असे कोणतेही अँटिऑक्सिडंट आजवर सापडलेले नाही. या सर्व आजारांत ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो हे खरे. पण ताण वाढलेला आढळतो म्हणून तो कमी करणारे औषध आजार बरा करील, हा निष्कर्ष तर्काने काढायचा नसतो, चाचण्यांनी सिद्ध करायचा असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार येथे सर्रास होतो, आणि बंबाचे बिल मात्र रुग्णाच्या नावावर निघते.

चाचण्या झालेल्याच नाहीत, असेही नाही. पॅरासिटामॉलखेरीज अन्य कारणांनी यकृत अचानक निकामी झालेल्या १७३ प्रौढ रुग्णांवर अमेरिकेत झालेली चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीन आठवड्यांनंतर एकूण जगणाऱ्यांचे प्रमाण औषध घेतलेल्यांत ७० टक्के आणि न घेतलेल्यांत ६६ टक्के होते, म्हणजे फरक नगण्यच. मात्र प्रत्यारोपणाशिवाय जगणाऱ्यांचे प्रमाण ४० विरुद्ध २७ टक्के निघाले, आणि हा लाभही ज्यांची शुद्ध फारशी हरपलेली नव्हती अशा सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांपुरताच मर्यादित राहिला. या निकालावरून मुलांनाही तेवढाच फायदा होईल असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु १८४ मुलांवरील चाचणीचे २०१३ साली आलेले निष्कर्ष उलटेच होते, कारण वर्षभर प्रत्यारोपणाशिवाय जगणाऱ्या मुलांचे प्रमाण औषध मिळालेल्या गटात ३५ टक्के, तर औषधाविना असलेल्या गटात ५३ टक्के भरले. ‘दिले तर बिघडते कुठे’ असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

मद्यपानामुळे होणाऱ्या तीव्र यकृतदाहाबाबत फ्रान्समधील १७४ रुग्णांवरील चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या जोडीला पाच दिवस एन-ॲसिटिलसिस्टीन दिल्यावर पहिल्या महिन्यातील मृत्यू २४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. सहा महिन्यांनी मात्र ३८ विरुद्ध २७ टक्के हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. गंभीर रुग्णाला रुग्णालयात स्टेरॉइडसोबत हे औषध द्यावे असे तज्ज्ञ सुचवतात ते या आधारावर. सणावाराला भरपूर दारू पिऊन दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ‘लिव्हरची सलाइन’ मागणाऱ्याला तो आधार लागू होत नाही. क्षयरोगाच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांवर दक्षिण आफ्रिकेत झालेल्या चाचणीतही असाच संमिश्र निकाल आला: रुग्णालयातील मुक्काम कमी झाला, पण यकृताचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, अपेक्षित पातळीवर उतरण्यास लागलेला काळ दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता.

तरीही ‘सलाइनआधी एसजीपीटी हजारावर होता, आठवड्यात दोनशेवर आला’ हा युक्तिवाद उरतोच, आणि सर्वांत जास्त फसवणूक करणारा तोच आहे. एसजीपीटी हे यकृतपेशींतील विकर पेशी फुटल्यावर रक्तात उतरते आणि पेशी फुटणे थांबले की दर दोन दिवसांनी साधारण निम्मे होत जाते. दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई बहुसंख्य रुग्णांत आपोआप बरे होतात, त्यामुळे त्या आठवड्यात सलाइन घेतली काय किंवा नुसती विश्रांती घेतली काय, आकडा उतरणारच. श्रेय जाते ते उतरत्या आकड्याच्या वेळी हाताशी असलेल्या बाटलीला, आणि या बाबतीत ती चुन्याच्या पाण्यापेक्षा फार वेगळी ठरत नाही. याची दुसरी बाजू भयानक आहे. फुटण्यासाठी पेशीच उरल्या नाहीत तरीही एसजीपीटी खाली येतो, आणि त्याच वेळी काविळीत वाढणारे बिलिरुबिन व रक्त गोठण्याचा वेळ मोजणारा आयएनआर चढत असेल तर तो उतार सुधारणेचा नसून यकृत निकामी होत असल्याचा असतो.

साठा ग्लुटाथायोनचा संपतो तर थेट ग्लुटाथायोनच का टोचू नये, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. भारतात ग्लुटाथायोनचे इंजेक्शन मद्यजन्य यकृतविकारांसाठी मान्य असले, तरी शिरेतून दिलेले ग्लुटाथायोन रक्तात काही मिनिटांतच निम्म्यावर येते, आणि बहुतेक पेशी ते अखंड स्वरूपात आत घेत नाहीत. पेशीच्या पृष्ठभागावरील गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सफरेज हे विकर, म्हणजे तपासणीच्या अहवालात ‘जीजीटी’ म्हणून छापले जाणारेच, आधी त्याचे तुकडे करते आणि मग त्या तुकड्यांपासून पेशी ते नव्याने बांधते. एवढा वळसा घालून शेवटी हाती येते ते बहुतांशी सिस्टीनच. त्वचा उजळण्यासाठी याच इंजेक्शनचा जो बाजार मांडला गेला आहे त्याविषयी इतकेच पुरे, की पाकिस्तानातील एका छोट्या चाचणीत यकृताच्या तपासण्या बिघडल्यामुळे काही सहभागींचा उपचार थांबवावा लागला होता.

अमिनो आम्लापासून बनलेले म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन निरुपद्रवी, हेही खरे नाही; पहिल्या बाटलीदरम्यान अंगावर गांधी उठणे, चेहरा लाल होणे, दम लागणे अशी प्रतिक्रिया येऊ शकते, दमेकऱ्यांत तिचा धोका अधिक असतो, आणि म्हणूनच ब्रिटनमध्ये २०१२ पासून पहिली मात्रा १५ मिनिटांऐवजी तासाभरात देण्याचा नियम झाला. यकृताच्या रुग्णांना दिले जाणारे एल-ऑर्निथिन एल-ॲस्पार्टेट अनेकांना याच जातीचे वाटते, पण त्याचे काम रक्तातील अमोनिया कमी करण्याचे आहे. मेदयुक्त यकृतात पुरावा असलेले अँटिऑक्सिडंट म्हणजे तोंडाने घेण्याचे ई जीवनसत्त्व, तेही मधुमेह नसलेल्या आणि ऊतकतपासणीने दाह सिद्ध झालेल्या प्रौढांपुरते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याहून ठोस परिणाम वजन ७ ते १० टक्के उतरवल्याने होतो, पण त्याची बाटली मिळत नाही.

उलट जेथे एन-ॲसिटिलसिस्टीनचे इंजेक्शन अत्यावश्यक आहे तेथेच ते उशिरा मिळते. पॅरासिटामॉल जास्त प्रमाणात पोटात गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसे काही होत नाही, यकृताच्या तपासण्याही बहुधा ठीक येतात, आणि कावीळ दिसू लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर. त्यामुळे ‘त्रास नाही, उद्या बघू’ असे म्हणून घरीच थांबणे सर्वांत महागात पडते. अशा वेळी लक्षणांची किंवा अहवालाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठून गोळ्या कधी आणि किती घेतल्या हे डॉक्टरांना सांगावे लागते, कारण उपचाराचा निर्णय घेतला जातो तो गोळ्या घेतल्यापासून उलटलेल्या तासांवर आणि रक्तातील पॅरासिटामॉलच्या पातळीवर.