बाळंतिणीच्या पायांखालचा चौरंग

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावी माहेरपणाला आलेली लेक भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून बाळाला पाजते, तेव्हा मांडीच उशीचे काम करते. तीच लेक शहरातल्या घरी परतून उंच खुर्चीवर बसली, की पाय लोंबतात, मांडी उतरती होते, बाळ घसरते आणि ती बिचारी त्याच्यावर वाकते. तान्हे बाळ दिवसाकाठी आठ-बारा वेळा पिते. पाठ आणि मान दुखणारच! मग कंटाळून बाटली जवळ केली जाते. जागतिक आरोग्य संघटना तर पहिले 6 महिने केवळ आईचेच दूध द्यावे असे सांगते.

उपाय साधा आहे: पायांखाली बुटके स्टूल वा चौरंग. उंची सहा ते आठ इंच बहुधा पुरते. पण खरी परीक्षा बसूनच करावी. गुडघे कमरेपेक्षा किंचित वर यावेत, फार नव्हे. पोटावर टाके असतील तर ताण मुळीच नको. दोन्ही पावले पुरती मावावीत, चौरंग डुगडुगू नये, फरशीवर सरकू नये. पाटावर पाट रचू नयेत. रात्री तो वाटेत ठेवू नये. बाळ कडेवर असताना ठेच लागायची.

एवढे करूनही स्तनाग्रे दुखत असतील, तर बाळ नीट धरत नसेल. डॉक्टरांना वा नर्सबाईंना दाखवावे.

बारशाला झबली-टोपडी ढीगभर येतात. एखाद्या मावशीने आईसाठी चौरंग आणला, तर काय बिघडले?