समजून घ्या : ढगात यंत्र बिघडलं, तर एकटा वैमानिक काय करतो?

परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, जवळचा नांदेडचा. वैमानिक व्हायचं तर इथल्या मुलामुलींना बारामती, गोंदियासारखी ठिकाणं गाठावी लागतात. प्रशिक्षणातला एक अवघड धडा ढगांचा.

ढगात क्षितिज दिसत नाही, शरीराचा तोलाचा अंदाजही चुकतो. १९५४च्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगात यंत्रांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांचा ताबा सरासरी १७८ सेकंदांत सुटला.

जुन्या छोट्या विमानांत कृत्रिम क्षितिज दाखवणारं यंत्र बहुधा व्हॅक्यूम पंपावर चालतं. पंप बंद पडला की ते लगेच थांबत नाही, हळूहळू कलतं. धोका इथेच! म्हणून वैमानिक वळण, वेग, उंची दाखवणाऱ्या यंत्रांशी ते ताडून पाहतो आणि चुकीचं यंत्र झाकून टाकतो.

क्रम ठरलेला : आधी विमान सांभाळा, मग दिशा, मग नियंत्रण कक्षाला कळवा. शेजारी सहवैमानिक नसताना वेळीच मदत मागणं, यात कमीपणा नाही.